स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे (३० ऑगस्ट, १८८३, डभोई – १८ एप्रिल, १९६६), हे योगाभ्यासाचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे आद्य भारतीय संशोधक, शिक्षणतज्ज्ञ आणि पुणे जिल्ह्यातील लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. श्वास, नाडी, रक्तदाब यांसारख्या शरीरातील आपोआप चालणाऱ्या लयींवर योगाभ्यासाचा नेमका काय परिणाम होतो, हे उपकरणांच्या साहाय्याने मोजून पाहण्याचा पद्धतशीर उपक्रम त्यांनी १९२० च्या सुमारास सुरू केला. १९२४ साली त्यांनी सुरू केलेले योगमीमांसा हे त्रैमासिक या विषयाला वाहिलेल्या जगातील सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी एक मानले जाते.

बालपण आणि शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म तत्कालीन बडोदा संस्थानातील डभोई या गावी एका मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचे नाव गणेश लक्ष्मण गुणे आणि आईचे नाव सरस्वती. घरची परिस्थिती गरिबीची असल्याने त्यांचे शालेय शिक्षण ओढाताणीतच झाले. तरीही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे संस्कृतच्या विद्यार्थ्याला मिळू शकणारा मोठा मान होता.

पुढील शिक्षण त्यांनी बडोदा कॉलेजात घेतले. अरविंद घोष त्या सुमारास बडोद्यात अध्यापन करीत होते आणि त्यांच्या विचारांचा ठसा कॉलेजातील तरुणांवर उमटला होता. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचेही गुणे यांना आकर्षण होते. या दोन्ही प्रभावांतून त्यांनी तरुणपणीच आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. सुशिक्षित तरुण आपल्या परंपरेकडे पाठ फिरवतो आणि सामान्य जनता तिच्याकडे अंधश्रद्धेने पाहते, हे त्यांना जाणवत होते. त्यांच्या पुढील कार्याची दिशा याच जाणिवेतून ठरली.

माणिकराव आणि माधवदास

गुणे यांच्या जीवनाला वळण देणारे दोन गुरू होते. पहिले बडोद्याचे राजरत्न प्रा. माणिकराव. त्यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत १९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी मल्लविद्या, लाठी, मलखांब इत्यादी भारतीय व्यायामप्रकारांचे शिक्षण घेतले. शरीर ही राष्ट्राची संपत्ती आहे आणि व्यायाम हा शिक्षणाचा भाग असला पाहिजे, ही त्यांची दृष्टी येथेच घडली.

दुसरे गुरू परमहंस माधवदास महाराज. मूळचे बंगाली असलेले हे वयोवृद्ध योगी नर्मदेच्या काठी मालसर येथे राहत असत. १९१९ साली गुणे त्यांच्या सहवासात आले आणि त्यांच्याकडून त्यांनी आसने, प्राणायाम, बंध, मुद्रा आणि शुद्धिक्रिया यांचे शिक्षण घेतले. १९२१ साली माधवदासांचे निधन झाले, म्हणजे हा सहवास जेमतेम दोन वर्षांचा होता. या अभ्यासाने शरीरात आणि मनात होणारे बदल गुणे यांना स्वतःच्या अनुभवाने पटले होते. पण स्वतःचा अनुभव म्हणजे इतरांसाठी पुरावा नव्हे, हेही ते ओळखून होते.

अमळनेरचा काळ

१९१६ ते १९२३ या काळात गुणे खानदेशातील अमळनेर येथे अध्यापन करीत होते. तेथील खानदेश शिक्षणसंस्थेच्या शाळेत आणि राष्ट्रीय महाविद्यालयात त्यांनी भारतीय संस्कृतीचा विषय शिकवला आणि पुढे ते त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून उभी राहिलेली ही संस्था सरकारच्या रोषामुळे १९२३ साली बंद पडली. चाळिशीत पोहोचलेल्या गुणे यांच्यापुढे नवे क्षेत्र निवडण्याचा प्रश्न उभा राहिला. अध्यापनाच्या काळातच त्यांनी हाती घेतलेले एक काम त्या वेळी अर्धवट अवस्थेत होते. त्यालाच पुढील आयुष्य वाहून घेण्याचे त्यांनी ठरवले.

बडोद्यातील पहिले प्रयोग

१९२०-२१ मध्ये गुणे यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या मदतीने बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत उड्डियान बंध आणि नौली या दोन क्रियांचा अभ्यास केला. उड्डियानात श्वास पूर्ण सोडल्यावर, नवा श्वास आत न घेता, छातीचा पिंजरा उचलून पोट आत व वर ओढले जाते. नौलीत याच अवस्थेत पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूंचे आकुंचन करून ते पुढे काढले जातात. या क्रिया करताना पोटात काय घडते याविषयी तोवर केवळ तर्क होते. गुणे यांनी क्षकिरणांच्या साहाय्याने आतील अवयवांच्या हालचाली पाहिल्या आणि दाबमापकाने मोठ्या आतड्यातील दाब मोजला.

नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे तेथे अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, असे या मापनांत आढळले. बस्ती या शुद्धिक्रियेत कोणत्याही पिचकारीशिवाय पाणी आत कसे ओढले जाते, या जुन्या प्रश्नाचा त्यामुळे साधा यांत्रिक उलगडा झाला. पोटाचे स्नायू ताणले गेल्याने आतील जागा वाढते, दाब उतरतो आणि पाणी वर चढते. त्यात चमत्काराचा भाग नव्हता. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून माधवदास निर्वात असे नाव दिले. योगक्रियेचे वर्णन दंतकथेच्या भाषेतून काढून दाबाच्या आकड्यांत मांडण्याचा हा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होता.

लोणावळा आणि कैवल्यधाम

१९२४ साली विजयादशमीच्या सुमारास गुणे यांनी लोणावळ्याजवळील कुंजवन या जागी कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली. या सुमारास ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. कुवलय म्हणजे नीलकमळ.

लोणावळा हे मावळ तालुक्यातील गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, मुंबई-पुणे लोहमार्गावर वसलेले आहे. त्याच्या दक्षिणेस मुळशी तालुक्याच्या दऱ्याखोऱ्या सुरू होतात. त्या काळात या सबंध पट्ट्यात टाटा कंपनीची जलविद्युत धरणे उभी राहत होती आणि मुळशी खोऱ्यात १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त शेतकऱ्यांचा सत्याग्रह चालला होता. मुसळधार पाऊस, थंड हवा आणि विरळ वस्ती यांमुळे मुळशी-मावळचा हा प्रदेश शहरापासून दूर होता. लोहमार्गामुळे मात्र मुंबईचे डॉक्टर आणि पुण्याचे विद्वान तेथे सहज पोहोचू शकत. साधना आणि प्रयोगशाळा या दोहोंना सोयीची अशी ही जागा होती.

संस्थेची रचना सुरुवातीपासून दुहेरी होती. एका विभागात शरीरशास्त्रीय संशोधन चाले, तर दुसऱ्यात योगविषयक संस्कृत हस्तलिखितांचे संपादन आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास. उपकरणे महाग होती आणि सरकारी मदत नव्हती. पोरबंदरचे राजे नटवरसिंहजी यांच्यासारखे संस्थानिक आणि मुंबईचे व्यापारी यांच्या देणग्यांवर प्रयोगशाळा उभी राहिली. मुंबईत १९३२ साली शाखा सुरू झाली आणि १९३६ साली चौपाटीनजीक ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्यकेंद्र उघडले गेले. शहरातील नोकरदार माणसाला आश्रमात न जाताही योगशिक्षण घेता यावे, हा त्यामागील हेतू होता.

योगमीमांसा

कैवल्यधामबरोबरच १९२४ साली योगमीमांसा या इंग्रजी त्रैमासिकाचा आरंभ झाला. त्याच्या प्रत्येक अंकात प्रयोगांचे अहवाल, मापनांची कोष्टके, आलेख आणि क्षकिरणचित्रे असत. त्यांच्याच जोडीला आसनांची सामान्य वाचकाला समजतील अशी सचित्र वर्णने आणि तत्त्वज्ञानविषयक लेखही असत. प्रयोग कोणावर केला, किती वेळा केला आणि कोणते उपकरण वापरले, हे नमूद करण्याचा आग्रह कुवलयानंद धरीत. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष मान्य नसलेल्या संशोधकालाही तेच प्रयोग पुन्हा करून पाहता येत.

शरीरातील लयी : संशोधनाची पार्श्वभूमी

कुवलयानंदांच्या संशोधनाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी शरीरातील लयींची थोडी माहिती आवश्यक आहे. सजीवांच्या शरीरातील बहुतेक व्यवहार चक्राकार चालतात. काही चक्रे अगदी अल्पावधीची असतात. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा आकुंचन पावते आणि श्वास १२ ते २० वेळा होतो. काही चक्रे सुमारे २४ तासांची असतात; झोप आणि जाग, शरीराच्या तापमानातील चढउतार, अनेक संप्रेरकांचे स्रवणे ही त्यांची उदाहरणे होत. मासिक पाळीसारखी काही चक्रे त्याहून दीर्घ असतात.

या लयींचे नियंत्रण शरीराच्या आतूनच होते. हृदयाच्या उजव्या अलिंदातील पेशींचा एक लहानसा पुंजका स्वतःहून विद्युत्स्पंद निर्माण करतो आणि त्या तालावर हृदय चालते. श्वासाची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील चेतापेशी राखतात आणि रक्तातील कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण वाढले की ती जलद होते. दैनिक लयीचे मुख्य घड्याळ मेंदूतील अधोथॅलॅमसमध्ये, दृष्टिचेता जेथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या वर असते. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून ते रोज जुळवले जाते.

या विषयाचा इतिहास जुना आहे. लाजाळूसारख्या एका वनस्पतीची पाने कायम अंधारात ठेवल्यावरही दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ झां-झाक द मेरां यांनी १७२९ साली नोंदवले होते. मात्र माणसाच्या दैनिक लयीचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच बहरला. मेंदूतील घड्याळाची जागा १९७२ साली निश्चित झाली आणि पेशींमधील जनुकीय घड्याळाच्या उलगड्यासाठी २०१७ साली तीन अमेरिकी संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले. कुवलयानंदांच्या प्रयोगांचा भर यांपैकी श्वास, नाडी आणि रक्तदाब या अल्पावधीच्या लयींवर होता.

या सर्व लयींमध्ये श्वासाचे स्थान वेगळे आहे. हृदयाची गती किंवा आतड्यांची हालचाल इच्छेनुसार थेट बदलता येत नाही. श्वास मात्र झोपेत आपोआप चालतो आणि जागेपणी हवा तेव्हा रोखता, लांबवता किंवा जलद करता येतो. योगपरंपरेने प्राणायामाला दिलेले महत्त्व या शरीरशास्त्रीय वैशिष्ट्याशी जुळणारे आहे. श्वासावर मिळवलेल्या ताब्यातून इतर अनैच्छिक व्यवहारांवरही परिणाम होतो काय, हा कुवलयानंदांच्या संशोधनातील मध्यवर्ती प्रश्न होता.

प्राणायामावरील संशोधन

विसाव्या शतकाच्या आरंभी दीर्घश्वसनाचा मोठा प्रचार झाला होता. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि म्हणूनच तो आरोग्यदायी आहे, असे योगाचे पुरस्कर्ते सर्रास सांगत. कुवलयानंदांनी उज्जायी, कपालभाती, भस्त्रिका इत्यादी प्रकार करणाऱ्यांच्या उच्छ्वासातील वायू गोळा करून त्यांचे पृथक्करण केले. प्राणायामाचे मोल अधिक प्राणवायू मिळण्यात आहे, हे मत या मापनांवर टिकले नाही. मंद प्राणायामात दर मिनिटाला शोषला जाणारा प्राणवायू नेहमीच्या श्वसनापेक्षा अधिक असतोच असे नाही, उलट तो कमीही असू शकतो, असे त्यांनी प्रसिद्ध केले.

यामागील कारण शरीरशास्त्राला धरून आहे. निरोगी माणसाचे धमनीतील रक्त साध्या श्वसनातही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यात आणखी भर घालण्यास फारसा वाव नसतो. जोरजोराने श्वास घेतल्याने प्राणवायूपेक्षा कर्बद्विप्राणिल वायूच्या प्रमाणात मोठा फरक पडतो. तो फार घटला तर मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. श्वास रोखल्यावर हाच वायू वाढतो आणि श्वास घेण्याची अनिवार इच्छा निर्माण करतो. नियमित अभ्यासाने साधकाला ही इच्छा अधिक काळ सहन करता येते.

प्राणायामाचा खरा परिणाम छाती व पोटातील दाबाच्या लयबद्ध बदलांतून आणि चेतासंस्थेच्या शिस्तीतून होतो, अशी मांडणी कुवलयानंदांनी केली. ज्या दाव्यामुळे प्राणायाम सुशिक्षितांमध्ये लोकप्रिय होत होता, तोच दावा योगाच्या एका निष्ठावंत साधकाने आपल्याच नियतकालिकात खोडून काढला, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. देणगीदार आणि शिष्य यांच्यावर चालणाऱ्या संस्थेने आपल्या विषयाचे गोडवे गाण्याऐवजी मापनाला प्राधान्य दिले, म्हणूनच पुढील संशोधक तिच्याकडे विश्वासाने पाहू लागले.

अशा संशोधकांमध्ये कोवूर बेहनन यांचा उल्लेख करावा लागेल. त्रावणकोरमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करणारे बेहनन १९३० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यास येऊन कुवलयानंदांकडे योग शिकले. परत गेल्यावर त्यांनी स्वतःवर मापने केली. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील प्राणवायूविषयीचे आकडे कुवलयानंदांच्या आकड्यांशी जुळणारे नव्हते. प्राणायामाच्या काळात प्राणवायूचा वापर वाढतो असे त्यांना आढळले होते. अभ्यासाची पद्धत आणि श्वासाची गती बदलली की परिणामही बदलतात, हे पुढे अनेक अभ्यासांतून दिसून आले.

हृदयाची लय आणि योग्यांचे दावे

योगी इच्छेनुसार हृदय बंद करू शकतात, हा समज भारतात आणि युरोपात पसरलेला होता. १९३५ साली फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस यांनी भारतात येऊन हृदयाचे विद्युत्-आलेख घेतले आणि एका योग्याच्या बाबतीत हृदयाचे विद्युत्स्पंद जवळजवळ नाहीसे झाल्याची नोंद केली. १९५७ साली अमेरिकेतील वेंगर आणि बागची यांनी दिल्लीचे शरीरशास्त्रज्ञ बी. के. आनंद यांच्यासह हा दावा पुन्हा तपासला. छाती व पोटाचे स्नायू आवळून श्वास रोखल्यास हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, त्यामुळे मनगटावरील नाडी लागत नाही आणि हृदयाचे ध्वनीही ऐकू येत नाहीत. परंतु विद्युत्-आलेखात हृदयाचे स्पंद चालूच असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. हृदय थांबत नव्हते, केवळ त्याची बाह्य चिन्हे लोपत होती.

कुवलयानंदांची भूमिका या निष्कर्षाशी सुसंगत होती. योगसाधनेचे मोल चमत्कार दाखवण्यात आहे, हे त्यांना कधीच मान्य नव्हते. बंद जागेत दीर्घकाळ राहणाऱ्या योग्यांच्या दाव्यांची तपासणी करण्यासाठी कैवल्यधामात हवाबंद खड्ड्याची रचना करण्यात आली. आतील हवेतील प्राणवायू आणि कर्बद्विप्राणिल वायू यांचे प्रमाण कसे बदलते आणि त्याला शरीर कसा प्रतिसाद देते, यांविषयीचे त्यांच्या सहकाऱ्यांचे निबंध त्यांच्या निधनानंतर, १९६८ साली प्रसिद्ध झाले.

शवासन, विश्रांती आणि दिनक्रम

झोप आणि जाग यांच्या सीमेवरील विश्रांत अवस्थेकडे कुवलयानंदांनी विशेष लक्ष दिले. त्यांनी शिकवलेल्या शवासनाच्या पद्धतीत पायऱ्या होत्या. आधी स्नायू एकामागून एक सैल सोडायचे, मग श्वासाकडे केवळ लक्ष द्यायचे आणि त्यानंतर श्वास व उच्छ्वास यांची लय हळूहळू सम करायची. साधकाने झोपी न जाता ही अवस्था टिकवावी अशी अपेक्षा असे. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते, हे शरीरशास्त्राला परिचित आहे. मंद आणि सम श्वसनात हा चढउतार अधिक स्पष्ट होतो आणि रक्तदाब सांभाळणारी चेतायंत्रणा त्याच्याशी जुळते. शवासनातील श्वासलयीच्या परिणामाची उपपत्ती आज या दिशेने लावली जाते.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा परिणाम तपासणारा एक अभ्यास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. कुवलयानंदांचे सहकारी डॉ. शं. ल. विनेकर त्या अभ्यासात सहभागी होते. त्यात अनेक रुग्णांचा रक्तदाब उतरल्याचे आढळले आणि त्यानंतर हा विषय रुग्णालयीन संशोधनात स्थिरावला.

आश्रमातील दिनक्रमात पहाटे उठणे, ठरलेल्या वेळी रिकाम्या पोटी अभ्यास, मिताहार आणि वेळेवर झोप यांना महत्त्व होते. ही शिस्त परंपरेतून आलेली होती. दैनिक लयीच्या आधुनिक अभ्यासातही उठण्याच्या आणि झोपण्याच्या वेळा स्थिर असणे आणि सकाळचा प्रकाश मिळणे या गोष्टी शरीराचे घड्याळ जुळवून ठेवण्यास उपयुक्त ठरतात.

महात्मा गांधींशी संबंध

१९२७ साली महात्मा गांधी यांची प्रकृती उच्च रक्तदाबाने एकाएकी बिघडली आणि त्यांना दौरा थांबवून सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या वर्षी त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. कोणते आसन किती वेळ करावे, त्यानंतर रक्तदाब किती भरला आणि थकवा कसा वाटला, अशा बारीकसारीक गोष्टी या पत्रांत आहेत. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची गांधीजींची वृत्ती आणि कुवलयानंदांचा मापनाचा आग्रह येथे एकत्र आलेले दिसतात. मोतीलाल नेहरू आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासारख्या नेत्यांशीही कुवलयानंदांचा संबंध आला.

शारीरिक शिक्षण

योग हा केवळ संन्याशाचा विषय न राहता शाळकरी मुलांपर्यंत पोहोचावा, यासाठी कुवलयानंदांनी बरेच परिश्रम घेतले. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले. मोठ्या वर्गाला एकाच वेळी, आज्ञांच्या तालावर आसने शिकवता यावीत म्हणून त्यांनी बसवलेली पद्धत १९३६ साली यौगिक संघ व्यायाम या पुस्तकातून प्रसिद्ध झाली. गुरूने एका शिष्याला एकांतात शिकवायची विद्या मैदानावर आणणारी ही पद्धत होती. महाराष्ट्रातील शाळांमध्ये योगासने परिचित होण्यास तिचा हातभार लागला. स्वातंत्र्यानंतर कैवल्यधामात गोवर्धनदास सेकसरिया यांच्या नावाने योगशिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले आणि प्रशिक्षित योगशिक्षक तयार होऊ लागले.

ग्रंथलेखन

आसने आणि प्राणायाम ही त्यांची दोन इंग्रजी पुस्तके १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाली. दोन्हींमध्ये कृतीचे वर्णन, घ्यावयाची काळजी आणि शरीरशास्त्रीय चर्चा यांची सांगड घातलेली आहे. स. अ. शुक्ल यांच्यासह त्यांनी गोरक्षशतक या संस्कृत ग्रंथाचे संपादन केले. डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेले योगोपचारविषयक पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने १९६३ साली प्रकाशित झाले. संस्कृत पंडिताची पाठचिकित्सा आणि प्रयोगकर्त्याची नोंदवही या दोन्ही शिस्ती त्यांच्या लेखनात आढळतात.

मूल्यमापन

कुवलयानंद वैद्यकाचे पदवीधर नव्हते. शरीरशास्त्राचे ज्ञान त्यांनी स्वतःच्या अभ्यासातून आणि डॉक्टर सहकाऱ्यांकडून मिळवले. त्यांच्या प्रयोगांतील व्यक्तींची संख्या लहान असे. तुलनेसाठी वेगळा गट ठेवण्याची आजची पद्धत त्या काळी रूढ नसल्याने त्यांच्या निष्कर्षांना मर्यादा आहेत. सर्वांगासनामुळे गळ्यातील अवटू ग्रंथीचे कार्य सुधारते, यासारखी काही विधाने त्यांनी तत्कालीन संप्रेरकविज्ञानाच्या आधारे केलेली अनुमाने होती. ती मापनाने सिद्ध झालेली नव्हती. योगावर विज्ञानाची मोहोर उमटवण्याच्या प्रयत्नात मोक्ष हे योगाचे मूळ प्रयोजन मागे पडते, असा आक्षेपही घेतला जातो. कुवलयानंद स्वतः मात्र अखेरपर्यंत साधक होते आणि प्रयोगशाळेला त्यांनी साधनेचा पर्याय मानले नाही.

त्यांच्या कार्याचे स्थायी मोल त्यांच्या पद्धतीत आहे. योगाविषयीचे विधान तपासता येते, ते चुकीचे ठरू शकते आणि चुकीचे ठरल्यास सोडून द्यावे लागते, ही भूमिका त्यांनी श्रद्धेचा गाभा न सोडता स्वीकारली. प्राणवायूच्या प्रश्नावर त्यांनी तिचे प्रत्यक्ष उदाहरण घालून दिले.

निधन आणि वारसा

१९६० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात योगोपचाराचे रुग्णालय सुरू झाले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतही कुवलयानंद संस्थेच्या कामात गुंतलेले होते. १८ एप्रिल, १९६६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा सांभाळली.

कैवल्यधामात संशोधन, अध्यापन आणि उपचार हे तिन्ही विभाग आजही चालू असून योगमीमांसाचे प्रकाशनही सुरू आहे. २०१९ साली भारतीय टपाल खात्याने आयुष पद्धतींतील नामवंतांवर काढलेल्या तिकिटांच्या मालिकेत स्वामी कुवलयानंद यांच्यावरील तिकिटाचा समावेश होता. श्वासाची लय, हृदयगतीतील चढउतार, झोपेची गुणवत्ता आणि ताण यांवरील योगाच्या परिणामांचा अभ्यास आता जगातील अनेक विद्यापीठांत होतो. अशा संशोधनाच्या इतिहासात बडोद्याच्या रुग्णालयातील १९२०-२१ च्या मापनांचा उल्लेख आरंभीचा टप्पा म्हणून केला जातो.